‘मी नव्हतो तवा झालंय ते’ : वर्गात ई-लर्निंग आणतानाचं माझं एक वर्ष

परीक्षा झाल्या, निकालपत्रकं वाटून झाली, मे महिन्याची सुट्टी लागली, आता जरा निवांत बसून हे लिहितेय. गेल्या दोन-तीन महिन्यांत आसपासच्या शाळांतल्या चार-पाच जणांनी फोन करून विचारलं की बाई तुम्ही ते टीव्हीचं आणि कार्डांचं कसं केलं, पैसे कुठनं आणले, कागदपत्रं काय लागली. फोनवर दरवेळी अर्धवटच सांगून होतं, म्हणून म्हणलं एकदा ओळीनं लिहून काढावं. मी कॉम्प्युटरवाली नाही, माझं डीएड २००४ चं, तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर होता पण त्याच्यावर कायम कापड टाकलेलं असायचं.

शाळा सांगली जिल्ह्यातली, खानापूर तालुक्यातली, विट्यापासून एसटीनं पाऊण तास. जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी, आम्ही तिघं शिक्षक, पट ६१. आमच्या भागात गावोगावचे लोक गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. केरळ, तामिळनाडू, आंध्र, पार दिल्ली-पंजाबपर्यंत आमची माणसं दुकानं टाकून बसलीत. त्यामुळं वर्गात निम्म्या पोरांचे वडील गावात नसतात, काही पोरं आजी-आजोबांकडं राहतात आणि काही पोरं वर्षातले दोन-तीन महिने वडलांकडं जाऊन येतात. मेंढरांमागं जाणाऱ्या घरातली दोघं-तिघं असतात ती वेगळीच. स्थलांतर करणाऱ्या मुलांचं शिक्षण दुसरीकडच्या शाळेत चालू राहावं म्हणून शिक्षण हमी कार्ड असतं, ते आम्ही भरून देतो, पण कोइमतूरला जवळची शाळा तमिळ माध्यमाची असली तर ते कार्ड घेऊन पोरगं तिथं काय करणार?

हे सगळं सुरू झालं ते अशाच एका पोरामुळं. त्याचं खरं नाव लिहीत नाही, गणेश म्हणूया. फेब्रुवारी २०२४, तेव्हा तो चौथीत. दिवाळीनंतर कोइमतूरला गेला होता तो फेब्रुवारीत परत आला. मी फळ्यावर भागाकार घेत होते, त्याला उठवलं तर तो शांतपणे म्हणाला, "बाई, मी नव्हतो तवा झालंय ते." मी म्हणलं बरं, बस. दुसऱ्या दिवशी परिसर अभ्यासाचा प्रश्न विचारला तरी तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी मी विचारायचंच सोडलं, आणि ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. पोरगं खोटं बोलत नव्हतं. झालं होतं ते खरंच, आणि तो खरंच नव्हता. त्यातून आता पाचवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, डिसेंबर २०२३ मध्येच शासन निर्णय आला होता, नापास झालं तर पुनर्परीक्षा आणि त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. हाच वर्ग मी पुढं पाचवीला नेणार होते. म्हणजे एका वर्षात काहीतरी करायला पाहिजे होतं.

आधी काहीच केलं नव्हतं असंही नाही. आमच्या शाळेच्या भिंतीवर ‘डिजिटल शाळा’ असं रंगवलेलं आहे, २०१६ साली लोकसहभागातून प्रोजेक्टर आलेला, त्याचा बल्ब गेला तो गेलाच, नवा बल्ब इतका महाग की कुणी आणला नाही. कोरोनात शाळा बंद होती तेव्हा आम्ही रोज व्हॉट्सॲपवर अभ्यासाच्या लिंका टाकायचो, ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले तोपर्यंत पावणेदोन वर्षं तेच चाललं. निष्ठाची, म्हणजे शिक्षकांसाठीची सरकारी, ऑनलाइन प्रशिक्षणं मी पण केली, प्रमाणपत्रं सगळी आहेत फाईलला, पण मनापासून सांगते, त्यातले कितीतरी व्हिडिओ मी पुढं ढकलत ढकलत संपवलेत. ई-लर्निंग म्हणजे वरनं आलेलं काम अशीच माझी समजूत होती. गणेशच्या त्या वाक्यानंतर पहिल्यांदा मला माझ्या स्वतःच्या कारणासाठी ते शिकावंसं वाटलं.

तर मे २०२४. सुट्टीत रोज सकाळी दोन तास बसायचं ठरवलं. मिस्टरांचा जुना लॅपटॉप घेतला. पहिले आठ-दहा दिवस नुसते यूट्यूबवर व्हिडिओ बघण्यात गेले, आणि जितकं बघावं तितकं डोकं फिरायला लागलं, शंभर ॲप, शंभर वेबसाईट. मग एक केलं, वहीत लिहिलं की माझ्या वर्गाला नक्की अडतंय कुठं. तीन गोष्टी निघाल्या. जी पोरं नसतात त्यांच्यापर्यंत पाठ पोचत नाही, जी असतात त्यांना कळलं का नाही ते मला कळत नाही, आणि अपूर्णांक फळ्यावर शिकवून डोक्यात बसत नाहीत. नवीन सुरू करणाऱ्यांनी आधी अशी यादी करा, ॲप नंतर शोधा, माझे ते आठ-दहा दिवस वायाच गेले.

सरकारचं अभ्यासाचं दीक्षा ॲप तर मोबाईलमध्ये होतंच. बालभारतीच्या पुस्तकात पाठापाशी जो क्यूआर कोड छापलेला असतो तो या ॲपनं स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं, हे माहीत होतं पण वर्गात कधी वापरलं नव्हतं. त्यातलं साहित्य डाऊनलोड करून ठेवलं की नेट नसलं तरी चालतं. आमच्या शाळेला हे फार महत्त्वाचं, कारण शाळा खोलगट भागात आहे आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी किंवा पाचवीच्या वर्गाच्या खिडकीत येते. दुसरं सापडलं ते फेट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची ही वेबसाईट (PhET) आहे, फुकट आहे, गणित-विज्ञानाची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, आहेत आणि त्यातली बरीच मराठीतही आहेत. अपूर्णांकाच्या सिम्युलेशनमध्ये वर्तुळाचे किती भाग करायचे ते आपण ठरवायचं आणि खालच्या बादलीतनं एकेक तुकडा उचलून वर्तुळात टाकायचा, तसतसा शेजारी अपूर्णांक बदलतो. मी घरी एकटीच अर्धा तास ते तुकडे टाकत बसले होते. याची फाईल पण उतरवून घेता येते, मग ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते.

१५ जूनला शाळा सुरू झाली. पहिल्या आठवड्यात मी उत्साहानं माझा मोबाईल घेऊन अपूर्णांक दाखवायला गेले. पोरं एकोणीस, स्क्रीन साडेसहा इंची. पुढची चार पोरं बघतायत, मागची ढकलाढकली करतायत, एक पोरगी बाकावरनं पडली, लागलं नाही पण मी मोबाईल बंद करून ठेवला. दोन-तीनदा गट पाडून बघितलं, एका गटाला मोबाईल आणि बाकीच्यांना उदाहरणं, तरी बाकीच्यांचं सगळं लक्ष मोबाईलकडं. मोठी स्क्रीन लागणार हे नक्की झालं.

जुलैत शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग होती, त्यात विषय घेतला. मला वाटलं होतं सगळे हो म्हणतील. पण एक आजी, नातवाच्या पालक म्हणून येतात त्या, म्हणाल्या, "बाई, गेल्या साली तुम्हीच म्हणला पोरास्नी मोबाईल दिऊ नका, आता तुम्हीच दावणार व्हय?" आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथं २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरात टीव्ही-मोबाईल बंद ठेवून पोरं अभ्यासाला बसतात, ते आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. एक वडील म्हणाले त्यांनी ते चांगलं काम केलं, आपण उलटं करतोय का? मी त्यावेळी नीट उत्तर देऊ शकले नाही. घरी येऊन विचार केला आणि पुढच्या मीटिंगला तीन गोष्टी लिहून नेल्या. स्क्रीन दिवसात वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही, स्क्रीनवर जे दिसेल त्यानंतर पोरांच्या हाताला काम असलंच पाहिजे, आणि घरी मोबाईल फक्त बाहेरगावी असलेल्या पोरांसाठी, तोही मोठ्या माणसाच्या समोर. हे इतिवृत्तात लिहून घेतलं. आजींनीच आधी हात वर केला. ठराव झाला.

आता पैशाचं. सरपंच म्हणाले पंधराव्या वित्त आयोगाच्या (केंद्राकडनं ग्रामपंचायतीला येणाऱ्या) पैशातनं बघू, त्यातल्या अबंधित निधीतून शाळेला देता येतं. बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेलाच लागतो, म्हणून अर्ज करताना अबंधित हा शब्द लिहा, माझा पहिला अर्ज तेवढ्यासाठी परत आला. अर्जासोबत मुख्याध्यापकांचं पत्र, समितीच्या ठरावाची नक्कल, शाळेचा यूडायस नंबर (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक), वर्गखोलीचा फोटो आणि वीजबिल भरल्याची पावती मागितली. पावती म्हणल्यावर कळलं की शाळेचं ६,८४० रुपये बिल थकलेलं आहे. टीव्ही मागायला निघालो आणि मीटर कधीही काढून नेतील अशी अवस्था! थोडे शाळा अनुदानातनं आणि राहिलेले आम्ही तिघांनी भरून ते आधी मिटवलं. तुम्ही पण आधी बिल बघा.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय वाचला गेला आणि मंजूर पण झाला, टाळ्या झाल्या, मला वाटलं झालं काम. तर भाऊसाहेब (आमच्याकडं ग्रामसेवकांना तसंच म्हणतात) म्हणाले, मॅडम, ह्या वर्षीच्या विकास आराखड्यात टीव्ही नाही, आराखड्यात नसेल तर ऑनलाइन खर्च टाकता येत नाही. मग पुरवणी आराखडा, त्याचा परत ठराव. भाऊसाहेबांकडं तीन गावं, ते आमच्या गावात आठवड्यातनं दोनदा, त्यात मी शाळा सुटल्यावर पाचला पोचणार, तोवर ते निघालेले. दोन आठवडे असेच गेले. मग त्यांचा फोन नंबर घेतला आणि आदल्या रात्री मेसेज टाकून ठेवायला लागले, त्यांनी मग बिचाऱ्यांनी दोनदा थांबून काम केलं. सप्टेंबरात तीन कोटेशनं आणली विट्यातनं. एक कोटेशन दुकानदारानं ईमेलवर पाठवलं ते जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं, ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर उघडलं तर सगळी अक्षरं भलतीच. पुन्हा विट्याला एक खेप. मराठी कागद युनिकोडमध्येच मागा नाहीतर पीडीएफ करून मागा.

फाईल पूर्ण झाली १० ऑक्टोबरला. आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. सगळं ठप्प. शाळेतनं घरी आले ते रडूच आलं मला, खरं सांगते. गणेश दिवाळीनंतर जाणार हे माहीत होतं आणि माझ्या हातात अजून काहीच नव्हतं.

पण त्या थांबलेल्या दिवसांतच मला या वर्षातली सगळ्यात चांगली गोष्ट मिळाली, आणि तिला टीव्ही लागत नाही म्हणून ती जरा सविस्तर लिहिते. प्लिकर्स नावाचं ॲप आहे. त्यात प्रत्येक पोराला एक कागदी कार्ड द्यायचं. कार्डावर काळ्या चौकोनांची नक्षी असते, प्रत्येकाची वेगळी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. आपण प्रश्न विचारायचा, पोरानं जे उत्तर वाटेल ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं, आणि बाईंनी वर्गासमोर उभं राहून मोबाईलचा कॅमेरा सगळ्यांवरनं फिरवायचा. कुणी काय उत्तर दिलं ते सगळं मोबाईलवर दिसतं. पोरांना मोबाईल लागत नाही, फक्त माझ्या एकीच्या मोबाईलला नेट पाहिजे, म्हणून मी खिडकीपाशी उभी राहते. नक्षी वेगवेगळी असल्यानं शेजाऱ्याचं बघून धरता येत नाही. एकोणीस कार्डांच्या प्रिंटला ५७ रुपये लागले. लॅमिनेशन करू नका, उजेड पडला की कार्ड चमकतं आणि कॅमेऱ्याला वाचता येत नाही. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर खळीनं चिकटवली, चांगली जाड झाली. पोरांना एवढंच शिकवायचं की नक्षीवर बोट येऊ द्यायचं नाही.

पहिला प्रश्न मी सोपा म्हणून घेतला होता. अर्धा मोठा का एक तृतीयांश? फळ्यावर १/२ आणि १/३ लिहिले. त्याच्या आदल्या दिवशी हेच शिकवून झालं होतं, समजलं का विचारल्यावर सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ बाई" म्हणाला होता. मी कॅमेरा फिरवला. एकोणिसातल्या तेरा जणांनी १/३ मोठा सांगितला. का, तर दोनापेक्षा तीन मोठे. मी तिथंच खिडकीत उभी, हातात मोबाईल, आणि गेली वीस वर्षं मी ज्या "हो बाई"वर पुढच्या पानावर गेले ती सगळी पानं डोळ्यांसमोर यायला लागली. आणि ज्या सहा जणांचं बरोबर होतं त्यात शेवटच्या बाकावरची एक पोरगी होती, मेंढपाळांच्या घरातली, जी वर्षभरात माझ्याशी चार वाक्यंही बोलली नव्हती. तिला मी हळूच विचारलं, तुला कसं कळलं गं? तर म्हणाली, "दोघात भाकर वाटली तर जास्ती येती, तिघात कमी." दुसऱ्या दिवशी तिलाच पुढं बोलावलं, पोषण आहाराच्या ताईंकडनं दोन भाकरी मागून घेतल्या आणि तिनं वर्गासमोर एक दोघात आणि एक तिघात वाटून दाखवली. मग चतकोर म्हणजे किती, दोन चतकोर म्हणजे किती, पोरं आपापल्या घरातलंच बोलायला लागली. तो प्रश्न मी आठ दिवसांनी परत घेतला, तेव्हा चार जण चुकले. पण ते चौघं कोण हे आता मला नावानिशी माहीत होतं.

ॲपमध्ये पोरांची पूर्ण नावं, जन्मतारखा असलं काही घालू नका, नुसतं पहिलं नाव किंवा हजेरी नंबर पुरतो.

दिवाळी झाली, गणेश गेला. जाताना वडलांचा नंबर घेऊन ठेवला. २० नोव्हेंबरला मतदान, मला ड्युटी होती, प्रशिक्षणाचे दिवस धरून त्यात आठवडा गेला. महिनाअखेर आचारसंहिता उठली आणि मी पुन्हा ग्रामपंचायतीत. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात टीव्हीची ऑर्डर गेली, ४३ इंची, २६,५०० रुपये, भिंतीवर बसवण्यासकट. पेमेंट सरपंच आणि भाऊसाहेब दोघांच्या डिजिटल सहीनं होतं, त्यातली एक सही मुदत संपलेली निघाली, त्यात अजून दहा दिवस. इन्व्हर्टर-बॅटरीचे १७,८०० लोकवर्गणीतनं केले, बाहेरगावच्या गलाईवाल्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि अकरा जणांनी चार दिवसांत पैसे दिले. इथं माझी एक चूक झाली, पहिल्या दोघांनी माझ्याच फोन नंबरवर पाठवले आणि मी घेतले. मुख्याध्यापकांनी लगेच सांगितलं म्हणून ते त्याच दिवशी समितीच्या खात्यात भरून पावत्या फाडल्या. पैसा एक रुपया असला तरी समितीच्या खात्यावरच घ्या आणि पावती द्या. टीव्ही, इन्व्हर्टर दोन्हीची डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करा, पुढं तपासणीला तेच विचारतात.

३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, टीव्ही सुरू झाला. नारळ त्या आजींच्याच हातनं फोडला.

टीव्हीबद्दल थोडक्यात सांगते. पेन ड्राइव्ह लावला तर आधी काही दिसेचना, तो फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केल्यावर चालला. व्हिडिओ पेन ड्राइव्हवरनं चालतात, पण फेटची फाईल टीव्हीवर उघडत नाही, त्याला लॅपटॉप एचडीएमआय वायरनं जोडायला लागतो. वायर पाच मीटरची घ्या, दीड मीटरची पुरत नाही. आणि स्क्रीन लावली की पोरं गप्प बसतात, त्याला शिकणं समजू नका. सुरुवातीला आठवडाभर मी रोज दीक्षावरचे व्हिडिओ लावले, वर्ग एकदम शांत, मला बरं वाटलं, आणि शनिवारी कार्डं घेतली तर निम्म्यांना काही सांगता येईना. तेव्हापासून व्हिडिओ दोन-तीन मिनिटांनी थांबवते, आता पुढं काय होईल ते कार्डानं सांगा म्हणते, मग पुढं लावते.

आता गणेश. त्याच्यासाठी मी डिसेंबरातच व्हिडिओ करायला घेतले होते. पहिला केला २२ मिनिटांचा, फळ्यासमोर उभी राहून, अख्खा पाठ. पाठवला. दोन निळ्या टिका आल्या आणि पुढं काहीच नाही. दुसरा पाठवला, तसंच. मला वाईट वाटलं, थोडा राग पण आला की एवढं करून बघत का नाहीत. मग एका रविवारी फोन केला तर त्याचे वडील म्हणाले, "बाई, फोन दिवसभर माझ्याकडं दुकानात असतोय, घरी जाईस्तोवर नऊ वाजत्यात, तवर हा पेंगतोय. आणि येवढा मोठा उतरवायला नेट संपतंय." त्यांना बोल लावायचं काही कारणच नव्हतं. मी माझ्या सोयीनं व्हिडिओ केलेला. मग चार मिनिटांच्या आत, वीस एमबीच्या आत, एका व्हिडिओत एकच गोष्ट, आणि शेवटी एकच काम, कागदाची घडी घालून फोटो पाठव किंवा बोलून पाठव. फक्त शनिवारी पाठवायचा, रविवारी त्यांचं दुकान अर्धा दिवस असतं. मोबाईल आडवा धरा, पंखा बंद करा, आणि ५५० रुपयांचा एक स्टँड घ्या, हातात धरून केलेला व्हिडिओ हलतो.

आणि माझे स्वतःचे व्हिडिओ पोरांना फारसे आवडत नव्हते हे पण दिसत होतं. मग मला सुचलं की आमच्या गावात एक आजोबा आहेत, पंच्याहत्तरीच्या पुढचे, त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे, सगळं तोंडपाठ. जुन्या शाळेत हे पाढे पाठ करून घ्यायचे. जानेवारीत एका दुपारी त्यांच्या दारात लिंबाखाली बसवून रेकॉर्डिंग केलं. दोनदा शेळ्या मध्ये आल्या, एकदा वारा सुटला म्हणून मोबाईलच्या माईकवर पातळ रुमाल धरला. आजोबांनी टोपी नीट केली, डोळे मिटले आणि एका दमात सुरू, चार पावकी एक, पाच पावकी सव्वा, सहा पावकी दीड, सात पावकी पावणेदोन, आठ पावकी दोन. मी तो व्हिडिओ टीव्हीवर लावला, सात पावकीला थांबवला आणि फळ्यावर लिहिलं ७/४. एवढंच. वर्ग बघतच राहिला. मग एक पोरगा ओरडला, "बाई, म्हंजी वरचा मोठा असला तरी चालतंय!" अंशाधिक अपूर्णांक पुढच्या वर्गाचा भाग आहे, मी तो शिकवायला घेतलाच नव्हता. पोरांनी घरी जाऊन आपापल्या आजी-आजोबांना विचारलं, सोमवारी तिघं जण निमकी पाठ करून आले.

तो व्हिडिओ मी त्या शनिवारी कोइमतूरला पाठवला. रविवारी दुपारी गणेशचा पहिला फोटो आला, वहीच्या कागदाची गोल कापलेली भाकरी, घड्या घालून चार भाग, त्यातले तीन पेन्सिलीनं रंगवलेले आणि खाली लिहिलेलं, पाऊन. ण चुकलेला होता. मी दुरुस्त केला नाही, आधी छान लिहिलंय म्हणून कळवलं, ण नंतर शिकवला. नंतर कळलं की तो व्हिडिओ त्याच्या वडलांनी दुकानात पण लावला होता, तिथल्या आमच्याकडच्या माणसांनी सगळ्यांनी ऐकला, कारण आजोबा त्यांच्यातल्या एकाचे सख्खे चुलते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गणेश परत आला. अपूर्णांकात तो वर्गाबरोबर होता. भागाकारात नव्हता, मराठी लेखनात तर बराच मागं होता, त्याच्यासाठी मी व्हिडिओ केलेच नव्हते, सगळं मला जमलं नाही. रोज शाळा सुटल्यावर पाऊण तास त्याला आणि अजून दोघांना घेऊन बसले, तिथं ना टीव्ही ना कार्ड, वही आणि पेन्सिलच. एप्रिलमध्ये पाचवीची वार्षिक परीक्षा झाली, १९ पैकी १८ पास. गणेश पास. राहिलेली मुलगी मेंढरांमागं फेब्रुवारीत गेलेली, तिच्या घरच्यांकडं साधा बटणांचा फोन आहे. तिच्यापर्यंत माझं यातलं काहीच पोचलं नाही. जूनमध्ये तिची पुनर्परीक्षा आहे, त्यासाठी सध्या मी तिच्या मामाकडं दर दोन दिवसांनी जातेय, ती तिथं आलीय. पुढच्या वर्षी बटणांच्या फोनवर फोन करूनच रोज पाच मिनिटं पाठ ऐकवता येईल का, एवढाच विचार सध्या डोक्यात आहे, कुणी केलं असेल तर मला जरूर सांगा.

खर्च विचारतात म्हणून एकत्र लिहिते. टीव्ही २६,५०० ग्रामपंचायत, इन्व्हर्टर १७,८०० लोकवर्गणी, थकलेलं बिल ६,८४०, आणि माझ्या पदरचे कार्डं, स्टँड, वायर, पेन ड्राइव्ह, विट्याच्या खेपा धरून साधारण २,३०० गेले. वेळ जून ते जानेवारी. घाईत असाल तर कार्डांपासून सुरू करा, ५७ रुपयांत होतं आणि कुणाची सही लागत नाही.

गणेश सहावीला हायस्कूलला जाईल. सुट्टीला परत कोइमतूरला गेलाय. परवा रात्री साडेनऊला त्याचा आवाजातला मेसेज आला. मागं दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज, आणि हा म्हणतोय, "बाई, पाऊणकीचा व्हिडिओ पप्पांच्या फोनमधनं उडालाय. परत टाका की. हितल्या एका पोराला दावायचाय, त्यो तमिळ हाय, पर घडी घालाय येती त्याला."